इंग्रजी गप्पांतली लघुरूपं आणि अर्धवट म्हणी: उलगडायच्या कशा, वापरायच्या कशा

इंग्रजी वर्तमानपत्र अडखळता वाचता येतं, कामाची पत्रं लिहिता येतात, तरीही मित्रांच्या ग्रुपवरची चार शब्दांची ओळ डोक्यावरून जाते. शब्दकोशातून अर्थ काढला तरी काम अर्धंच होतं. ते लघुरूप वाक्यात कुठे बसतं, कोण कोणाला म्हणू शकतं आणि म्हणताना चेहरा हसरा असतो की आंबट, हे कळल्याशिवाय ते वापरता येत नाही. या मार्गदर्शकात भर त्यावर आहे.

एक समज आधीच सोडून द्या. हा सगळा मोबाइलवरच्या पोरांचा उद्योग नाही. ‘ओके’ पहिल्यांदा छापून आलं 23 मार्च 1839 रोजी, ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. त्या काळी तिथल्या पत्रकारांत एक टूम होती: शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं आणि त्या बिघडलेल्या रूपाची आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ करून ‘ओके’ निघालं आणि ‘ऑल राइट’ची अशीच मोडतोड करून ‘ओडब्ल्यू’. ‘ओडब्ल्यू’ विस्मरणात गेलं. ‘ओके’ टिकलं, कारण पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाशी ते जुळलं आणि प्रचारात घुमलं. ‘ओएमजी’ही, म्हणजे ‘अरे देवा’, असंच जुनं आहे. ब्रिटिश ॲडमिरल जॉन फिशर यांनी ते सप्टेंबर 1917 मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात वापरलं आणि लगेच कंसात त्याची फोडही दिली. नव्या माणसाशी लिहिताना आजही हीच पद्धत उत्तम: लघुरूप पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण रूप द्या, नंतर नुसती अक्षरं चालतात.

आद्याक्षरं फोडण्याची रीत

अक्षरांचा घोळका दिसला की अंदाज मारत बसू नका. एकेक अक्षर बहुतेक वेळा ठरावीक शब्दांसाठीच येतं. सुरुवातीचं ‘आय’ म्हणजे सहसा ‘मी’ किंवा ‘मध्ये’: ‘आयडीके’ म्हणजे मला माहीत नाही, ‘आयआरएल’ म्हणजे प्रत्यक्ष आयुष्यात, ‘आयएमओ’ म्हणजे माझ्या मते. ‘बी’ हे बहुधा ‘बी’, ‘बाय’ किंवा ‘बॅक’चं. ‘टी’ हे ‘टू’, ‘द’ किंवा ‘टॉक’चं. शेवटचं ‘एल’ बहुतेकदा ‘लेटर’ किंवा ‘लाइफ’. एवढ्या भांडवलावर ‘बीटीडब्ल्यू’, ‘बीआरबी’, ‘टीटीवायएल’ कोणाला न विचारता सुटतात: जाता जाता सांगतो, आलोच, नंतर बोलू.

‘एफ’ दिसलं की मात्र थांबा. ‘एफवायआय’मध्ये (तुमच्या माहितीसाठी) ते निरुपद्रवी ‘फॉर’ आहे, ‘एएफएआयके’मध्ये (माझ्या माहितीप्रमाणे) ‘फार’, ‘एएफके’मध्ये (कीबोर्डपासून दूर) ‘फ्रॉम’. ‘डब्ल्यूटीएफ’मध्ये (हे काय चाललंय) ती शिवी आहे. ओळखायची सोपी चाचणी अशी: ‘एफ’ काढून टाकल्यावर जर ओळखीचं लघुरूप उरत असेल, तर ते नुसतं जोर देण्यासाठी घुसवलं आहे आणि ती शिवीच आहे. ‘एलएमएफएओ’मधून ‘एफ’ काढा, ‘एलएमएओ’ उरतं. आणि ‘एलएमएओ’, म्हणजे पोट धरून हसणं, हेसुद्धा पूर्ण सोवळं नाही. त्यातलं ‘ए’ पार्श्वभागासाठीच्या गावंढळ शब्दाचं आहे. ‘लोल’ कोणालाही पाठवता येतं, ‘एलएमएओ’ बरोबरीच्या माणसाला, आणि ‘एफ’वालं फक्त ज्याच्यासमोर तुम्ही तोंडाने तसं बोलता त्यालाच.

काही शिव्या वापरून वापरून झिजतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी ‘स्नाफू’ काढलं. परिस्थिती नेहमीचीच, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ, असा त्याचा अर्थ. मूळ ‘एफ’ शिवीचं, पण छापील मजकुरासाठी त्या जागी सौम्य ‘फाउल्ड’ घातलं गेलं. आता ‘स्नाफू’ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत साध्या ‘गोंधळ’ या अर्थाने येतं आणि कोणी भुवई उंचावत नाही. त्याचाच भाऊबंद ‘फुबार’, म्हणजे ओळखू न येण्याइतकं बिघडलेलं, अजून तितका सुधारलेला नाही, तो मित्रांतच ठेवा.

वाक्यातली जागा

शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. अर्थ बरोबर असतो, जागा चुकते.

‘बीटीडब्ल्यू’ आणि ‘आयसीवायएमआय’, म्हणजे तुमच्या नजरेतून सुटलं असेल तर, ही वाक्याच्या तोंडाशी येतात. ‘आरएन’, म्हणजे आत्ता या क्षणी, आणि ‘एफआर’, म्हणजे खरंच, ही शेपटाकडे. ‘टीबीएच’, म्हणजे खरं सांगायचं तर, आणि ‘एनजीएल’, म्हणजे खोटं बोलणार नाही, ही दोन्हीकडे चालतात, पण वजन बदलतं. सुरुवातीला ‘टीबीएच’ आलं की पुढे काहीतरी कडू येणार याची सूचना मिळते. शेवटी आलं की झालेल्या विधानाची धार थोडी बोथट होते. ‘एसएमएच’, म्हणजे निराशेने मान हलवणं, एकटंच उभं राहतं किंवा वाक्याच्या शेवटी येतं. ते मधोमध घातलं की वाक्य मोडतं. ‘एलएमके’ला, म्हणजे मला कळव, पुढे काहीतरी लागतं: कधी, काय, कसं. नुसतं ‘एलएमके’ पाठवायचं तर आधी प्रश्न विचारलेला हवा.

काही लघुरूपं पक्की नामं झाली आहेत. ‘फोमो’, म्हणजे आपलं काही हुकेल ही धास्ती, माणसाला ‘होतो’, म्हणजे इंग्रजीत ‘आय हॅव फोमो’. ‘गोट’च्या आधी ‘द’ घ्या: ‘शी इज द गोट’. तो ‘सर्वकाळ सर्वश्रेष्ठ’चा संक्षेप आहे आणि ‘द’च्या जागी ‘अ’ घातलं तर ऐकणाऱ्याला आधी बकरी दिसते. हे लघुरूप रुजण्यात मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचा वाटा मोठा. त्यांच्या पत्नी लॉनी अली यांनी 1992 मध्ये याच अक्षरांची कंपनी नोंदवली होती. निमंत्रणावरच्या ‘आरएसव्हीपी’त (उत्तर कळवा) फ्रेंच ‘कृपया’ आधीच आहे, त्यामुळे ‘प्लीज आरएसव्हीपी’ ही द्विरुक्ती. पण ती सगळेच करतात, त्यावर वेळ घालवू नका.

तोंडाने म्हणायचं असेल तर स्वर शोधा. ‘योलो’ (आयुष्य एकदाच मिळतं), ‘फोमो’, ‘स्नाफू’ यांत व्यंजनांच्या मध्ये स्वर आहेत, म्हणून ती शब्दासारखी उच्चारतात. ‘बीआरबी’, ‘टीबीएच’, ‘एसएमएच’ यांत स्वरच नाही. ती अक्षराअक्षराने म्हणावी लागतात आणि बहुतेक लोक ती म्हणतच नाहीत, फक्त लिहितात. कारण सोपं आहे. ‘बी-टी-डब्ल्यू’ म्हणायला इंग्रजीत पाच अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, लागतात आणि ‘बाय द वे’ला तीनच. ‘टीएमआय’चं, म्हणजे ‘टू मच इन्फर्मेशन’चं, उलटं: अक्षरं तीन, पूर्ण रूपाचे अवयव सहा. म्हणून कोणी नको तितका खासगी तपशील सांगू लागलं की ‘टी-एम-आय!’ तोंडानेही सर्रास ऐकू येतं. ‘ओएमजी’, ‘डीआयवाय’ (स्वतःच करा) आणि ‘एफवायआय’ही बोलण्यात चालतात. ‘एएसएपी’, म्हणजे शक्य तितक्या लवकर, दोन्ही प्रकारे म्हणतात, अक्षरांनी आणि ‘एसॅप’ असंही.

हसणं नसलेलं ‘लोल’

‘लोल’ला स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण त्याचा मूळ अर्थ जवळजवळ सुटला आहे. 1980 च्या दशकात संगणकांवरच्या गप्पांत ते ‘मोठ्याने हसतोय’ म्हणून आलं. मार्च 2011 मध्ये ‘ओएमजी’सोबत ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत दाखल झालं. आज मात्र ‘आय ॲम सो टायर्ड लोल’ लिहिणारा हसत नसतो. तो एवढंच सांगत असतो की मी तक्रार करत नाहीये, माझी काळजी करू नका. म्हणजे ‘लोल’ हे आता बोलण्याची धार कमी करणारं चिन्ह आहे. त्याची जागा शेवटी, बहुतेक वेळा लहान अक्षरांत, पूर्णविरामाशिवाय. विनंतीत एकदा घातलं तर विनंती हलकी होते. प्रत्येक वाक्यात घातलं तर माणूस घाबरलेला वाटतो.

वाईट बातमीवर ते कधीच नको. ‘लॉट्स ऑफ लव्ह’ असा अर्थ धरून सांत्वनाच्या संदेशाखाली ‘लोल’ टाकणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक. ती भल्याभल्यांकडून होते. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आपल्या संदेशांच्या शेवटी ‘एलओएल’ लिहीत. त्याचा अर्थ ‘हसणं’ होतो हे कळल्यावर त्यांनी ते थांबवलं, असं माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांनी मे 2012 मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दलच्या लेव्हेसन चौकशीपुढे साक्षीत सांगितलं.

मग खरंच हसू आलं तर काय लिहायचं? ‘आय ॲम डेड’ किंवा कवटीचा इमोजी. हसून हसून मेलो, इतकाच त्याचा भाव. आनंदाश्रूंचा इमोजी 2015 मध्ये ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला होता, पण तरुण मंडळी आता त्याला मोठ्या माणसांचं चिन्ह मानतात. आईवडिलांच्या वयाच्या लोकांशी बोलताना मात्र कवटी टाळावी, तिचा अर्थ शब्दशः घेतला जाऊ शकतो.

याच्या जोडीला ‘ओके’च्या छटा पाठ करून ठेवा. ‘केके’ म्हणजे मोकळेपणाने ‘हो हो, चालेल’. ‘ओके’ साधं. ‘के’ एकटं म्हणजे माणूस चिडलाय किंवा त्याला बोलायचं नाहीये. ‘के’ आणि पुढे पूर्णविराम म्हणजे दार आपटून बंद. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की एका शब्दाच्या मोबाइल-उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत हा फरक पडत नाही. पूर्णविराम चांगला की वाईट हा प्रश्न नाही. संदेश आपोआपच संपतो, त्यामुळे मुद्दाम घातलेल्या ठिपक्याला वेगळा अर्थ चिकटतो.

‘एएसएपी’ आणि ‘एफवायआय’चंही तसंच. वरिष्ठाला ‘एएसएपी’ लिहिलं तर तो हुकूम होतो. दिवस आणि वेळ सांगा, ते जास्त सभ्य आणि जास्त उपयोगी. ‘एफवायआय’ माहितीच्या आधी आलं तर साधं आहे, भांडणाच्या वाक्यानंतर आलं तर टोमणा.

अर्धवट म्हणी

हा भाग आमच्या मते सगळ्यात रसाळ, आणि शिकवण्याची पुस्तकं इथेच गप्प असतात. इंग्रजी बोलणारे म्हण क्वचितच पूर्ण म्हणतात. पहिला तुकडा टाकतात आणि थांबतात, उरलेला ऐकणाऱ्याने मनात भरायचा. आपण नाही का, ‘नाचता येईना...’ म्हणून नुसतं बघतो? अंगण उच्चारावं लागत नाही.

कृती अशी. पूर्ण म्हण आधी पाठ हवी, कारण समोरचा उलटून विचारू शकतो. मग फक्त पहिला तुकडा म्हणा आणि शेवटचा शब्द किंचित लांबवून सोडा. आवाज वाक्य संपल्यासारखा खाली आणू नका. लिहिताना शेवटी तीन टिंबं द्या. समोरच्याने अर्धी म्हण टाकली तर तुम्ही ती पुरी करू नका, हसा किंवा ‘एक्झॅक्टली’ म्हणा. उरलेला तुकडा मोठ्याने म्हणणं म्हणजे त्याचा विनोद समजावून सांगणं.

आता नेमक्या म्हणी, वजनासकट. ‘व्हेन इन रोम...’ (पुढे ‘डू ॲज द रोमन्स डू’) म्हणजे जिथे जाल तिथल्यासारखं वागा. इतर सगळे करताहेत म्हणून आपणही एखादी गोष्ट करताना ती म्हणतात, पूर्ण निर्धोक. ‘ग्रेट माइंड्स...’ (पुढे ‘थिंक अलाइक’) दोघांना एकच कल्पना सुचली की, तीही निर्धोक, आणि तिला ठरलेला चिमटा आहे: ‘फूल्स सेल्डम डिफर’, मूर्खांचंही सहसा एकमत होतं. हा चिमटा स्वतःलाही लागतो, म्हणून गोड वाटतो. ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ ज्याचा विषय चाललाय तोच दारात आला की म्हणतात. मित्राला चालेल. पाहुण्याला किंवा साहेबाला नको, कारण त्यावर पहिला विचार असा येतो की माझ्याबद्दल काय चाललं होतं?

‘व्हेन द कॅट्स अवे...’ (पुढे ‘द माइस विल प्ले’, मांजर नसलं की उंदरांना रान मोकळं) वरिष्ठ रजेवर असताना, आणि वरिष्ठ ग्रुपमध्ये नसताना. ‘टू मेनी कुक्स...’ (पुढे ‘स्पॉइल द ब्रॉथ’, फार आचारी झाले की सार बिघडतं) एका कामात फार जण घुसले की. हे सगळ्यांना उद्देशून म्हटलं तर विनोद, एकाला उद्देशून म्हटलं तर ‘तू जा इथून’. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर...’ (पुढे ‘फ्लॉक टुगेदर’) मध्ये पुसट हेटाळणी आहे, दोघेही तसलेच. आणि ‘इफ द शू फिट्स...’ (पुढे ‘वेअर इट’, जोडा बसत असेल तर घाल) उघड टोचणं आहे, ज्याला लागलं त्याने समजून घ्यावं. ब्रिटनमध्ये तिथे जोड्याऐवजी टोपी असते, ‘इफ द कॅप फिट्स’. ही म्हण गमतीत घेतली जाईल याची खात्री नसेल तर वापरू नका.

आणखी एक प्रकार म्हणजे म्हणीला नवी शेपटी लावणं. लवकर उठणाऱ्या पक्ष्याला किडा मिळतो, ‘पण चीज दुसऱ्या उंदराला मिळतं’, कारण पहिला सापळ्यात गेला. इथे नियम उलटा: पहिला भाग पूर्ण, नेहमीच्या स्वरात म्हणायचा, क्षणभर थांबायचं, मग शेपटी. घाई केली तर ऐकणाऱ्याला वळण कळतच नाही.

यमक गायब केलेले शब्द

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजलेली ही रीत. 1859 च्या जॉन कॅम्डन हॉटन यांच्या बोली-शब्दकोशात तिची नोंद आहे. हव्या त्या शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि मग जोडीतला यमकाचा शब्दच गाळायचा. ‘लाइज’शी ‘पोर्क पाइज’ जुळतं, ‘पाइज’ गाळलं आणि उरलं ‘पोर्कीज’, म्हणजे थापा. ‘हेड’शी ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणून ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव. ‘लुक’शी ‘बुचर्स हुक’, म्हणून ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे बघ जरा. तोंडाने फुर्र आवाज काढण्याला ‘रास्पबेरी’ म्हणतात, तेही असंच: ‘रास्पबेरी टार्ट’ कशाशी जुळतं हे वाचकाने शोधावं.

उलगडताना दोन पावलं टाका. या शब्दानंतर नेहमी कोणता शब्द येतो? तो कशाशी जुळतो? सगळ्यांत यमक गाळलेलं नसतं. ‘डॉग अँड बोन’, म्हणजे फोन, पूर्णच म्हणतात. ‘ब्राउन ब्रेड’, म्हणजे मेलेला, तेही. वापरायला ‘पोर्कीज’, ‘लोफ’ आणि ‘बुचर्स’ हे तीन शब्द पुरेत, ते ब्रिटनभर समजतात. बाकीचे बाहेरच्या माणसाने ओळीने वापरले की नक्कल केल्यासारखं दिसतं. अमेरिकेत ते टाकूच नका, कोणाला कळणार नाहीत.

कापलेले आणि जोडलेले शब्द

इथे स्वतःहून कात्री चालवू नका. कोणता तुकडा ठेवायचा हे आधीच्यांनी ठरवलेलं असतं. बहुधा सुरुवात राहते: ‘सस्पिशस’चं ‘सस’, ‘डिटेल्स’चं ‘डीट्स’, ‘ऑब्व्हियसली’चं ‘ऑब्व्ज’. क्वचित मधला तुकडा राहतो, जसं ‘इन्फ्लुएन्झा’चं ‘फ्लू’ किंवा ‘करिस्मा’तून आलेलं ‘रिझ’, जो 2023 चा ऑक्सफर्डचा शब्द. ऑस्ट्रेलियात कापून झाल्यावर शेपटी लावतात: ‘आफ्टरनून’चं ‘आर्व्हो’, ‘ब्रेकफास्ट’चं ‘ब्रेकी’. ‘सेल्फी’ची सगळ्यात जुनी सापडलेली नोंदही 2002 मधली, ऑस्ट्रेलियातलीच. जोडशब्दांत ‘हँग्री’ सगळ्यांत उपयोगी. भुकेने चिडलेल्या माणसाने स्वतःबद्दल म्हटलं तर ती माफी, दुसऱ्याबद्दल म्हटलं तर आणखी भडका.

साचे

काही थट्टा साच्यातून निघते. ‘अमुक कमी असलेलं तमुक’ हा त्यातला प्रसिद्ध: ‘अ फ्यू सँडविचेस शॉर्ट ऑफ अ पिकनिक’, म्हणजे डोक्याने जरा कमी. नवा बनवायचा तर आधी एक पूर्ण वस्तू घ्या, मग तिचा ज्याशिवाय चालत नाही असा भाग, आणि तो ‘थोडासा’ कमी करा. भाग बिनमहत्त्वाचा घेतला तर थट्टा उभीच राहत नाही. ‘नॉट द शार्पेस्ट टूल इन द शेड’ हा दुसरा साचा. दोन्ही पाठीमागे बोलायचे असतात, म्हणून लेखी कधीही ठेवू नका. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या ‘पेबकॅक’लाही हेच लागू. दोष कीबोर्ड आणि खुर्चीच्या मध्ये आहे, म्हणजे वापरणाऱ्यात. तक्रारीच्या नोंदीत ते लिहिलं आणि ती नोंद ग्राहकाने वाचली की विनोद संपतो.

सांभाळून

आकड्यांचे संक्षेप टाळा. तारयंत्राच्या काळातली रीत पुढे चालवत हौशी रेडिओवाले ‘73’ शुभेच्छांसाठी आणि ‘88’ प्रेमासाठी वापरतात. पण ‘88’ नवनाझींचीही खूण आहे, कारण इंग्रजीतलं आठवं अक्षर एच, आणि त्या दोन एचांत हिटलरचा जयघोष दडलेला. देश बदलला की अर्थही फिरतो. ‘पिस्ड’ ब्रिटनमध्ये प्यायलेला, अमेरिकेत संतापलेला. ‘क्वाइट गुड’ अमेरिकेत स्तुती, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा ‘ठीक आहे, बरं आहे’. ‘शेड’ (टोमणा) आणि ‘टी’ (आतली बातमी) सारखे शब्द न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्स बॉलरूम मंडळींतून, म्हणजे नाच-पेहरावाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांतून, आले. शब्द वापरा, उच्चार आणि हातवारे उचलू नका, त्यातून थट्टा केल्यासारखं दिसतं.

उपरोध लेखी नीट पोचत नाही. हीच अडचण ओळखून कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबर 1982 रोजी विनोदाच्या ओळीपुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी हसरी खूण घालायला सुचवलं. अनोळखी माणसाशी लिहिताना ती अजूनही उपयोगी पडते. चर्चास्थळांवर उपरोधाच्या वाक्याशेवटी तिरकी रेघ आणि ‘एस’ लिहितात.

नवं लघुरूप भेटलं की ते एकटं नाही, अख्ख्या वाक्यासकट टिपून ठेवा, आणि कोण कोणाला म्हणालं तेही. तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकेपर्यंत फक्त समजून घ्या, मग वापरा. 1999 पासून चालू असलेली अर्बन डिक्शनरी, म्हणजे बोली शब्दांचा ऑनलाइन कोश, हाताशी असू द्या, पण तिथे कोणीही काहीही लिहितं. एकच नोंद वाचून निर्णय घेऊ नका, नोंदीची तारीख पाहा आणि अर्थ किमान दोन नोंदींत जुळतो का ते तपासा. ‘टोट्स’ (अगदी) आणि ‘योलो’सारखे शब्द आता जुने वाटतात. जाहिरातीत दिसू लागलेला शब्द तरुणांशी बोलताना सोडून द्यावा.

आणि नाहीच कळलं तर विचारा: ‘व्हॉट डज दॅट स्टँड फॉर?’ इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही हे रोज एकमेकांना विचारतात. तुमचाच एखादा शब्द चुकीचा लागला, तर लघुरूपं बाजूला ठेवून पूर्ण वाक्यात लिहा: ‘सॉरी, दॅट केम आउट राँग’, आणि पुढे जे म्हणायचं होतं ते साध्या शब्दांत.